खान्देशची कपाशी आणि बोंडअळीचं पोट

१८४२ साली भडोचच्या सरकारी कापूस मळ्यांवरून काही किडके नमुने लंडनला गेले. पाठवणारे होते त्या मळ्यांचे देखरेखदार डॉ. बार्न. कंपनी सरकार तेव्हा गुजरातेत अमेरिकन वाणांचे प्रयोग करत होतं आणि बोंडाच्या आत शिरून सरकी खाणाऱ्या एका अळीने त्यांना हैराण केलं होतं. डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स या कीटक अभ्यासकाने १८४३ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन छापलं. आपल्या शेतीच्या पुस्तकांत हीच शेंदरी बोंडअळी म्हणून येते, आणि गावोगावी तिला गुलाबी म्हणतात. पुढे १९०६-०७ च्या सुमारास हिंदुस्थानातून गेलेल्या सरकीबरोबर ती इजिप्तला पोचली, तिथून १९११ मध्ये मेक्सिकोला आणि १९१७ मध्ये टेक्सासला. जगभरच्या कापसाला छळणाऱ्या या किडीचा कागदोपत्री जन्म खान्देशच्या शेजारी झाला आहे.

तापीच्या काठाने पूर्वेकडे निघालं की नंदुरबार, धुळे, मग एरंडोल, जळगाव. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि त्यांची नजर इथल्या काळ्या जमिनीवर पडली. एरंडोलजवळच्या धरणगावी १८५५ मध्ये सरकारने स्वतःच सरकी काढण्याचा कारखाना उभारला. १८६० च्या दशकात रेल्वे आली. त्याच वेळी अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस बंद पडला आणि खान्देशच्या रुईला एकाएकी सोन्याचा भाव आला. जळगाव मोठं झालं ते या तेजीत. जुन्या गॅझेटिअरांत एरंडोलची ओळख जाड्याभरड्या देशी कागदासाठी एके काळी नावाजलेलं गाव अशी आहे, पण व्यापाराच्या यादीत कापूस, नीळ आणि धान्य ही नावं येतात. कागद गेला, नीळ गेली, कापूस राहिला. आज एकट्या जळगाव जिल्ह्यात साधारण पाच लाख हेक्टरांवर कपाशी उभी असते.

या सगळ्या काळात बोंडअळीही इथेच होती, पण तिच्यावर हंगामाचा लगाम होता. ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. पतंग पात्या, फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो, अळी बाहेर पडताच बोंड पोखरून आत जाते आणि तिच्यामागे छिद्र बुजून जातं. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. एक पिढी सुमारे महिन्याभराची. कपाशी जितकी जास्त दिवस शेतात, तितक्या जास्त पिढ्या. शेवटच्या पिढीतल्या अळ्या सरकीत, पऱ्हाट्यांवरच्या वाळक्या बोंडांत आणि जिनिंगच्या कचऱ्यात पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत पडून राहतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला निघालेल्या पतंगाला फुलावर आलेली कपाशी मिळाली नाही, तर तो वंश न वाढवताच मरतो. इंग्रज अधिकाऱ्यांनाही ही मेख उमगली होती. मद्रास इलाख्यात १९१९ च्या कायद्याने ठरावीक तारखेच्या आत कंबोडिया नावाच्या कपाशीची झाडं उपटणं सक्तीचं झालं. खान्देशात जरिला, विरनार अशी देशी वाणं पावसावर यायची आणि आटोपायची, त्यामुळे किडीचं साखळीचक्र दर वर्षी आपोआप तुटत असे.

१९७० मध्ये सुरतेत एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस तयार झाला. संकरित कपाशीचं बोंड मोठं, उत्पन्न चांगलं, पण मुक्काम लांब. ती खतावर आणि पाण्यावर फोफावते आणि कीडही खेचून घेते. १९८० नंतर सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं आली. गुलाबी दबली, तर हिरव्या अमेरिकन बोंडअळीने डोकं वर काढलं, आणि काही वर्षांत औषधं तिलाही जुमानेनाशी झाली. नव्वदच्या दशकात देशातल्या एकूण कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या कपाशीवर पडत होती. कर्ज काढून फवारणी, आणि फवारूनही झाडाखाली पात्यांचा सडा, हे कापसाच्या पट्ट्यातलं नेहमीचं चित्र होतं. बीटी बियाणं आलं ते या पार्श्वभूमीवर.

स्फटिक

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस. मातीत राहणारा हा जिवाणू. १९०१ मध्ये जपानात इशिवाता यांना तो रेशमाच्या मरतुकड्या अळ्यांत सापडला. १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात एका पिठाच्या गिरणीतून आलेल्या पतंगाच्या अळ्यांमध्ये बर्लिनर यांना तो पुन्हा दिसला आणि त्या प्रांताचं नाव त्याला चिकटलं. १९३८ पर्यंत फ्रान्समध्ये त्याची भुकटी औषध म्हणून विकलीही जाऊ लागली. मारतं नेमकं काय, हे मात्र पन्नासच्या दशकात कळलं. हॅने यांनी १९५३ मध्ये या जिवाणूच्या बीजाणूशेजारचे प्रथिनांचे स्फटिक लक्षात आणून दिले आणि अँगस यांनी पुढच्या वर्षी दाखवलं की रेशमाच्या अळीला मारतो तो हा स्फटिकच.

हा स्फटिक माणसाच्या पोटात गेला तर सामान्य प्रथिनासारखा पचून जातो. अळीच्या पोटात मात्र तो विष होतो. याचं पहिलं कारण आम्लतेत आहे. आपलं जठर आम्लधर्मी, तर पतंगाच्या अळीचं मधलं आतडं खूप अल्कधर्मी. त्या अल्कात स्फटिक विरघळतो. मग अळीचेच पाचकरस त्या लांबलचक प्रथिनाची दोन्ही टोकं कातरतात आणि मूळच्या निम्म्या आकाराचा, टणक, सहज न पचणारा गाभा उरतो. हा गाभा म्हणजे खरं विष. कपाशीत घातलेल्या पहिल्या विषाचं नाव क्राय१एसी.

पण अल्कधर्मी आतडं तर कित्येक किडींचं असतं. मग हे विष काही अळ्यांना मारतं आणि काहींना मुळीच बाधत नाही, हे कसं? या कोड्याचं उत्तर पेशीच्या पृष्ठभागावर होतं.

पेशीचं बाहेरचं आवरण म्हणजे चरबीचा पातळ पडदा. प्रथिनासारखा मोठा रेणू त्यातून आपसूक आत जाऊ शकत नाही. म्हणून पडद्यात रोवलेली, बाहेर डोकावणारी दुसरी प्रथिनं असतात आणि ती ठरावीक रेणूंनाच धरतात. पॉल अर्लिख यांनी १९०० साली त्यांना रिसेप्टर म्हटलं. इंग्लंडमध्ये लँग्ली यांनी १९०५ मध्ये निकोटीन आणि क्युरारे यांचा स्नायूंवर होणारा परिणाम अभ्यासून, पेशीत काहीतरी ग्रहण करणारा पदार्थ असलाच पाहिजे असं मांडलं. दोघांनीही तो डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आपल्या शरीरातलं इन्सुलिन घ्या. ५१ अमिनो आम्लांचं हे लहानसं प्रथिन रक्तातून सगळीकडे फिरतं, पण त्याचा निरोप फक्त त्याला धरणारा रिसेप्टर असलेल्या पेशींनाच कळतो. धरणं होतं ते आकार आणि विद्युतभार जुळल्यामुळे. एका साखळीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसतो, धनभाराच्या समोर ऋणभार येतो, पाणी टाळणारे भाग एकमेकांना चिकटतात, आणि अशा अनेक कमजोर ओढींची बेरीज होऊन पकड घट्ट बसते. त्यातली एकदोन अमिनो आम्लं बदलली तरी पकड सुटू शकते.

अळीच्या आतड्यातही असंच काही आहे का, हे शोधायला बेल्जियममधल्या गेंट शहरात १९८८ मध्ये हॉफमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सरळ युक्ती केली. अळ्यांची आतडी काढायची, त्यांच्या आतल्या अस्तराचे बारीक फुगे करायचे आणि त्यांच्यावर किरणोत्सारी आयोडीनने खूण केलेलं विष सोडायचं. मग धुऊन पाहायचं, किती चिकटून राहिलं. त्यातच खूण नसलेलं तेच विष भरपूर ओतलं तर चिकटलेलं बाजूला होतं, म्हणजे दोघं एकाच जागेसाठी झगडतात. पण दुसऱ्या जातीचं विष ओतलं तर काही वेळा पहिलं हलतच नाही, म्हणजे त्यांच्या जागा वेगळ्या. ज्या अळीला विष मारतं तिच्या आतड्यात त्याची जागा सापडली. ज्या अळीला बाधत नाही तिच्यात ती सापडली नाही. दोनच वर्षांनी व्हान री यांनी धान्यातल्या एका पतंगावर आणखी पुढचं दाखवलं. त्या पतंगाची विषाला दाद न देणारी पैदास प्रयोगशाळेत वाढवलेली होती आणि तिच्या आतड्यात विषाची पकड ढिली पडली होती. बीटी कपाशी बाजारात यायला अजून सहा वर्षं होती. कीड कुठल्या वाटेने निसटेल हे तेव्हाच छापून आलं होतं.

पुढच्या काही वर्षांत त्या जागांना नावं मिळाली. तंबाखूवरच्या एका अळीत अमेरिकेत वडलामुडी आणि बुल्ला यांना कॅधरीन हे प्रथिन सापडलं. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या कुळातलं ते. मग अमिनोपेप्टिडेज नावाचं एक पाचक प्रथिन, पुढे पेशीच्या पडद्यातून पदार्थ बाहेर फेकणारे एबीसी वाहक, अशी यादी वाढत गेली. सर्वाधिक मानली जाणारी मांडणी अशी आहे. क्राय१एसीचे तीन भाग असतात. मधल्या भागावरची काही वळणं कॅधरीनच्या पडद्यालगतच्या भागाला धरतात. पकड बसली की विषाचा एक तुकडा आणखी कातरला जातो, असे अनेक रेणू एकत्र येतात आणि त्यांचा गट पेशीच्या पडद्यात भोक पाडतो. भोकातून पाणी आणि क्षार शिरतात, पेशी फुगून फुटते, आतड्याचं अस्तर उसवतं. अळी खाणं थांबवते आणि मरते. माणसाच्या किंवा गाईम्हशींच्या आतड्यात हे विष धरणारी जागा नाही, मधमाशीच्याही नाही. बीटीची निवडकता ती हीच, आणि त्याची कमजोरीही तीच. अळी हे विष धरणारं प्रथिन बदलायला शिकली तर शेतात पेरलेल्या विषाला चिकटायला काहीच उरणार नव्हतं.

जालन्याची पिशवी

बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात १९६४ मध्ये स्थापन केलेल्या महिको कंपनीला बीटी कपाशीचं १०० ग्रॅम बियाणं अमेरिकेतून आणण्याची परवानगी मिळाली ती १९९५ च्या सुमारास. त्या मूळ अमेरिकन वाणात घातलेला, जिवाणूचं विष बनवणारा जनुक इथल्या संकरित वाणांच्या पालकांत उतरवण्यात बरीच वर्षं गेली. परवानगीची वाट पाहत असतानाच २००१ मध्ये गुजरातेत बोंडअळीची लाट आली, आणि त्या लाटेत काही शेतं डौलाने उभी राहिली. ती नवभारत १५१ नावाच्या, सरकारी परवानगी नसलेल्या बीटी बियाण्याची निघाली. हजारो एकर आधीच पेरलेले होते. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन संकरित वाणांना मान्यता दिली.

पहिल्या काही वर्षांत ४५० ग्रॅमच्या पिशवीला १६०० रुपयांच्या वर मोजावे लागत, आणि त्यातला मोठा हिस्सा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा असे. आंध्र सरकारने मक्तेदारीविरोधी आयोगाकडे धाव घेतली आणि २००६ मध्ये भाव निम्म्यावर आला. त्याच वर्षी दोन विषांचं बोलगार्ड-दोन आलं, क्राय१एसीच्या जोडीला क्राय२एबी. दशकाच्या अखेरीस खान्देशात बीटीशिवाय कपाशी दिसेनाशी झाली. हिरव्या बोंडअळीची फवारणी उतरली, उत्पन्न वाढलं, आणि ठिबकने तर रूपच पालटलं. गिरणेच्या खोऱ्यात, अंजनीच्या काठी, विहिरीला पाणी असलेले शेतकरी मे महिन्यातच पूर्वहंगामी कपाशी लावू लागले. पाणी असलं की दिवाळीनंतरही झाड हिरवं राहतं. मग फरदड. पहिली वेचणी झाली की पुन्हा पाणी, पुन्हा खत, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत बोंडं. जो कापूस पूर्वी पावसाबरोबर यायचा आणि थंडीत आटोपायचा, तो आता दहा महिने शेतात. मे महिन्यात लावलेली कपाशी जुलैत फुलावर येते. पूर्वी ज्या पतंगाला फूल न मिळाल्याने मरावं लागायचं, त्याला आता ऐन वेळी पंगत वाढलेली मिळू लागली.

बियाण्याच्या पिशवीत आणखी एक छोटी पुडी असायची, १२० ग्रॅमची. बिगरबीटी, ज्याला शेतकरी रिफ्युजी म्हणत. नियम असा होता की बीटीच्या भोवती पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी बिगरबीटी कपाशी लावायची. तिच्यावर अळी पडणार, आणि तीच तर तिची कामगिरी. बहुतेक ठिकाणी ती पुडी बांधावर पडली. ज्याच्यावर अळी हमखास पडणार ते कोण मुद्दाम लावणार?

पण त्या पुडीमागे साधा हिशेब होता. रिसेप्टरचा बिघडलेला जनुक अप्रबळ असतो. अळीला असे दोन जनुक मिळाले, आईकडून एक आणि बापाकडून एक, तरच ती बीटीवर तगते. एक बिघडलेला आणि एक चांगला असेल तर पेशीवर चालता रिसेप्टर बनतो आणि ती मरते. समजा, बीटीच्या शेतात लाखातून एखादीच दोन्ही जनुक बिघडलेली अळी वाचली आणि तिचा पतंग झाला. शेजारी रिफ्युजी असेल तर तिथून निघालेले हजारो चांगले पतंग हजर असतात, त्यांपैकी कुणाशी तरी त्याची जोडी जमते, पिलं मिश्र निघतात आणि पुढच्या वेळी बीटी खाऊन मरतात. रिफ्युजी नसेल तर त्या वाचलेल्या पतंगाला जोडीदार म्हणून दुसरा वाचलेलाच मिळतो. सगळी पिलं निगरगट्ट.

हिरव्या बोंडअळीला रिफ्युजी आपोआप मिळत होती, कारण ती तूर, हरभरा, टोमॅटो, काहीही खाते. गुलाबी मात्र कपाशीवरच जगते, आणि कपाशी सगळी बीटी. त्यात भारताने बीटी आणली ती संकरित बियाण्यात. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलियात बीटी सरळ वाणांत आहे, तिथे जनुक दोन्ही बाजूंनी असतो. आपल्या संकरित झाडात तो एकाच बाजूने येतो, म्हणून त्या झाडाच्या बोंडातल्या प्रत्येक चार सरक्यांपैकी सरासरी एकीत क्राय१एसी नसतंच. आणि गुलाबी अळी खाते ती सरकीच. एकाच बोंडात बीटी सरकी, बिगरबीटी सरकी, आणि पीक म्हातारं होईल तसं पानाफुलांत कमी कमी होत जाणारं विष, अशी अर्धवट मात्रा तिला महिनोन्‌महिने मिळाली. डॉ. केशव क्रांती नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक असताना आणि नंतरही, त्यांनी संकरित बीटीचा हा दोष वारंवार मांडला.

पकड सुटली

अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये टॅबाश्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुलाबी बोंडअळीच्या बीटीला न जुमानणाऱ्या पैदाशी प्रयोगशाळेत जोपासल्या होत्या. २००३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यांच्यात कॅधरीनचा जनुक तीन वेगवेगळ्या प्रकारे तुटलेला आहे. एका प्रकारात तर साखळीतली फक्त आठ अमिनो आम्लं गळालेली होती, तेवढ्याने पकड गेली. ॲरिझोनाच्या शेतांत मात्र हे जनुक पसरले नाहीत. तिथे १९९६ पासून रिफ्युजी लावली जात होती.

आपल्याकडे तसं झालं नाही. २००९ च्या हंगामात गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत एकाच विषाच्या बोलगार्ड-एकच्या बोंडांत जिवंत गुलाबी अळ्या सापडल्या, आणि मार्च २०१० मध्ये बोलगार्डच्या कंपनीने ते उघड मान्य केलं. उपाय म्हणून सगळ्यांना बोलगार्ड-दोनकडे वळवण्यात आलं. दोन विषं आतड्यातल्या दोन निरनिराळ्या जागा धरतात, एका फटक्यात दोन्ही बदलणं किडीला जमणार नाही, हा त्यामागचा विचार. पण एक जागा आधीच बदललेली होती, म्हणून ज्या शेतांत जोडी लढायला पाठवली तिथे लढणारा खरं तर एकटाच राहिला. २०१४-१५ पासून गुजरातच्या बोलगार्ड-दोनवरही अळ्या दिसू लागल्या.

२०१७ चा हंगाम खान्देशात, मराठवाड्यात आणि विदर्भात एकाच वेळी कोसळला. एरंडोलच्या काळ्या रानात त्या वर्षी कपाशी नेहमीसारखीच दिसत होती, हिरवीगार, छातीएवढी. लक्ष फुलांनी वेधलं. पाकळ्या उमलत नव्हत्या, गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींत गुरफटून बसल्या होत्या. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. ती सोडवून पाहिली तर आत पिवळट पांढरी, काळ्या डोक्याची, बारीक अळी. बोंड वरून निरोगी, पण फोडलं की आतला कप्पा तपकिरी, सरकी पोकळ, आणि मोठी झालेली अळी पाठीवर गुलाबी पट्टे घेऊन. वेचणीला आलेलं बोंड पुरतं उमललंच नाही. बोटांनी ओढून काढावी लागणारी पिवळी, चिकट, आखूड धाग्याची कवडी हाती आली. वेचायला मजूर राजी होईनात, कारण वजन भरत नाही. व्यापाऱ्याने भाव पाडला. कित्येकांनी उभ्या पिकात नांगर घातला किंवा जनावरं सोडली.

डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांनी कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपयांपर्यंतची मदत जाहीर केली. त्यात पीकविमा आणि बियाणे कंपन्यांकडून वसूल करायची रक्कम धरलेली होती. आपत्ती निवारणाच्या निकषाने ठरलेला हिस्सा कोरडवाहूला ६,८०० आणि बागायतीला १३,५०० रुपये होता. बाकीच्या पैशासाठी तक्रारी, पंचनामे आणि सुनावण्या सुरू राहिल्या. बियाणं बोगस होतं, असं गावोगाव बोललं गेलं. बोगस बियाणं बाजारात असतंच, आणि काही ठिकाणी ते खरंही असेल. पण ज्या पिशव्यांतलं बियाणं अस्सल होतं त्यांचीही बोंडं सडली. झाड आपलं काम करत होतं, दोन्ही विषं तयार करत होतं. अळी ती पोटात घेत होती आणि तिला ती बाधत नव्हती.

पोटात नेमकं काय बदललं होतं, याचा पुरावा २०१४ मध्येच छापून आला होता. गुजरात आणि मध्य प्रदेशच्या शेतांतून आणलेल्या गुलाबी अळ्यांचा कॅधरीन जनुक अमेरिकी आणि भारतीय संशोधकांनी वाचला. ॲरिझोनात तीन प्रकारची मोडतोड सापडली होती, इथे आठ नवे प्रकार निघाले. शिवाय एकाच जनुकाचा मजकूर कापून जोडताना पेशी इतक्या तऱ्हांनी चुकत होती की एका जनुकापासून कॅधरीनच्या अनेक निकामी आवृत्त्या बनत होत्या. २०१८ मध्ये दुसऱ्या विषाचाही छडा लागला. क्राय२एबीला न जुमानणाऱ्या अळ्यांत, भारतातल्या शेतातल्या अळ्यांतही, एबीसीए२ नावाच्या वाहकात अशीच चुकीची जोडणी सापडली. त्याच वर्षी नागपूरच्या संस्थेच्या व्ही. चिन्ना बाबू नाईक यांच्या चमूने गुलाबी अळीने दोन्ही विषं पचवल्याचं देशभरच्या नमुन्यांवरून नोंदवलं. कॅधरीन तुटूनही अळी जगते, खाते, पिलं घालते, म्हणजे तिचं त्यावाचून फारसं अडत नाही. विषाला मात्र त्याच्यावाचून पुढचं पाऊल टाकता येत नाही.

तारखा

त्याच २०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. त्यांच्याकडे बीटी होतीच, पण ती एकटी नव्हती. सुरुवातीची दहा वर्षं रिफ्युजी, मग २००६ पासून विमानांतून सोडलेले अब्जावधी नपुंसक पतंग, कामगंध सापळे, आणि वेळेवर नांगरून टाकलेल्या पऱ्हाट्या. ज्या किडीला भारतात दोन विषं आवरू शकली नाहीत तिला तिथे बीटीच्या जोडीला हे सगळे उपाय लावून संपवता आलं.

कामगंध हाही रिसेप्टरचाच खेळ आहे, फक्त पतंगाच्या मिशांवरचा. मादी हवेत सोडते तो गंध १९७३ मध्ये ओळखला गेला, त्याचं नाव गॉसिप्लुअर. दोन रेणूंचं समसमान मिश्रण, आणि नराच्या मिशीतले रिसेप्टर त्याला धरतात. ती लहानशी गोळी सापळ्यात ठेवली की नर येऊन अडकतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली, असा कृषी विद्यापीठांचा ठोकताळा आहे. विष धरणारी जागा टाकून देणं अळीला परवडलं, पण आपल्या मादीचा गंध ओळखणारी जागा टाकली तर नराला जोडीदारच सापडणार नाही. तिथे सुटका महाग पडते. म्हणून सापळ्याची युक्ती इतकी वर्षं टिकली.

मेक्सिकोच्या ब्राव्हो आणि सोबेरॉन यांनी २००७ मध्ये कॅधरीनची गरजच न पडणारं, आधीच कातरलेलं बदललेलं क्राय विष बनवून प्रतिकारक गुलाबी अळ्या मारून दाखवल्या. असे प्रयोग पुढेही होतील, नवे जनुक येतील. पण प्रत्येक नवं विष अळीच्या पोटातल्या कशाला तरी धरूनच काम करणार. आणि जिथे सगळं शिवार एकाच विषाचं, दहा महिने हिरवं आणि रिफ्युजीशिवाय असेल, तिथे ते धरणारं प्रथिन बदललेल्या अळ्याच निवडल्या जाणार. २०१७ नंतर सरकारने यातलं काही ध्यानात घेतलं. १२० ग्रॅमची पुडी जाऊन बिगरबीटी बी पिशवीतच मिसळून येऊ लागलं. त्यानंतरच्या काही हंगामांत बियाणं १ जूनच्या आधी विकायला बंदी होती, म्हणजे मे महिन्यातली लागवड टळावी आणि पावसाच्या सुरुवातीला निघालेल्या पतंगाला फूल मिळू नये. फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाट्या उपटा, जिनिंगमधली किडकी सरकी आणि कचरा जाळा, असं कृषी सहायक दर वर्षी सांगतात.

या सूचनांत नवं असं काही नाही, मद्रासच्या १९१९ च्या कायद्याचा अर्थही हाच होता. अडचण एवढीच की पतंग बांध ओळखत नाही. एरंडोलच्या एका शेतकऱ्याने वेळेवर कपाशी मोडली आणि शेजाऱ्याने विहिरीचं पाणी आहे म्हणून मार्चपर्यंत फरदड ठेवली, तर पहिल्याची मेहनत दुसऱ्याच्या शेतातल्या अळीच्या कामी येते. जागा बदललेल्या अळीला हरवायला नवं बियाणं विकत आणता येतं, पण ते टिकवायचं तर अख्ख्या गावाने एका आठवड्यात पेरावं आणि एका आठवड्यात मोडावं लागतं. खान्देशने बियाण्यावर वीस वर्षं भरपूर खर्च केला आहे. गावाने मिळून तारीख ठरवण्याला पैसे लागत नाहीत, आणि नेमकं तेवढंच काम अजून बाकी आहे.